डोकेदुखीची कैफियत

(उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ताप मोजता येतो, पुरळ दाखवता येते, मोडलेल्या हाडाचे चित्र काढता येते. परंतु अर्धशिशीने तळमळणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीजवळ आपल्या दुःखाचा पुरावा म्हणून स्वतःच्या शब्दावाचून दुसरे काहीही नसते, आणि आपल्या घरांतून लहानांच्या जबानीला फारशी किंमत देण्याचा शिरस्ता नाही. दहावीची परीक्षा संपून निकालाकडे डोळे लागलेल्या या दिवसांत अशाच मुलामुलींची कैफियत आपल्यापुढे मांडावी, एवढाच माझा हेतू आहे.

नववीतल्या एका मुलीला तिची आई माझ्याकडे घेऊन आली होती. महिन्यातून तीनचार वेळा ही मुलगी दुपारी शाळेतून येई ती दप्तर दारातच टाकून आतल्या खोलीत जाई, खिडक्या लावून घेई, स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वासदेखील तिला सोसवत नसे. चेहरा पांढराफटक पडे, उलटी होई, मग झोप लागे आणि दिवेलागणीला उठून ती वरणभात मागे. आजी म्हणे पित्त उसळले, शेजारीण म्हणे चष्मा लागला असेल, आणि वडील म्हणत की शाळा बुडाली की जे दुखणे तीन तासांत बरे होते ते दुखणे कसले! कपाळावर सुंठेचे लेप झाले, बाम झाला, डोळे तपासून झाले. मुलीचे म्हणणे मात्र कोणी शेवटपर्यंत ऐकले नव्हते.

वस्तुतः हे दुखणे फार पुरातन आहे. आपल्या संहिताकारांनी 'अर्धावभेदक' या नावाने त्याची गणना शिरोरोगांत केली असून, चरकसंहितेत त्याच्या कारणांमध्ये शरीराचे वेग दाबून धरणे आणि अतिश्रम यांचा निर्देश आहे. 'मायग्रेन' हा पाश्चात्त्य शब्दही 'अर्धे मस्तक' याच अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला. परंतु मुलांच्या बाबतीत हे नावच आपल्याला फसवते, कारण त्यांचे डोके पुष्कळदा दोन्ही बाजूंना किंवा सबंध कपाळावर दुखते. आणि प्रौढांत चार तासांहून अधिक टिकणारा हा झटका अठरा वर्षांखालील मुलांत दोन तासांतही ओसरू शकतो, हे डोकेदुखीच्या २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने मान्य केले आहे. तेव्हा दिवेलागणीला त्या मुलीने वरणभात मागितला यात ढोंगाचा पुरावा नव्हता. उलटी होऊन, झोप लागून ओसरणे ही या रोगाचीच रीत आहे.

स्वीडनमधील उप्साला येथे बो बिले यांनी सुमारे नऊ हजार शाळकरी मुलांची पाहणी करून १९६२ साली जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात सातव्या वर्षी शंभरांत एखाददुसऱ्या मुलाला असणारी अर्धशिशी पंधराव्या वर्षी शंभरांत पाचांना आढळली. वयात येण्यापूर्वी मुलगे आणि मुली यांत फारसा भेद नसतो. त्यानंतर मात्र मुलींचे पारडे जड होत जाते. म्हणजे अभ्यासाचे ओझे, शरीराचे स्थित्यंतर आणि हा रोग ही तिन्ही एकाच वयात हातात हात घालून घरात शिरतात.

मग मनाचा ताण अर्धशिशी निर्माण करतो काय? माझे उत्तर असे, की ताण हा बीज नव्हे, पाऊस आहे. बीज बहुधा आईवडिलांकडून आलेले असते: असा मेंदू जन्मतःच अधिक संवेदनशील असतो, आणि चेहऱ्याच्या व मस्तकाच्या संवेदना वाहणारा ट्रायजेमिनल नावाचा मज्जातंतू उद्दीपित झाला की सीजीआरपी हे द्रव्य स्रवून मस्तिष्कावरणातील रक्तवाहिन्या वेदनेने ठणकू लागतात. या द्रव्याचे कार्य उलगडणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ साली ब्रेन प्राइझ मिळाले. झोप, भूक आणि ताण यांचे नियमन करणारा मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग तर दुखणे सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासूनच जागा झालेला असतो. म्हणून आधी जांभया येतात, चिडचिड होते, गोड खावेसे वाटते. आपण म्हणतो, चॉकलेट खाल्ले म्हणून डोके उठले, किंवा आदळआपट केली त्याचे फळ मिळाले. पण पुष्कळदा ती हाव आणि ती चिडचिड म्हणजेच झटक्याची पहिली पायरी असते.

त्या मुलीच्या आईला मी सांगितले, की स्वयंपाकघरातल्या ज्या दिनदर्शिकेवर आपण दुधाचा हिशेब लिहिता तिच्यावरच डोके दुखेल त्या दिवशी एक तांबडा ठिपका द्या. तीन महिन्यांनी ती पाने माझ्या टेबलावर आली. सहामाही परीक्षेच्या आठवड्यात एकही ठिपका नव्हता; शेवटचा पेपर संपला त्या संध्याकाळी मात्र एक ठसठशीत ठिपका होता, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळसे रविवारच्या चौकोनांत होते. शाळा टाळण्यासाठी ज्याचे डोके दुखते, त्याचे रविवारी कसे दुखेल? वडील त्या पानांकडे बराच वेळ पाहत राहिले आणि काही बोलले नाहीत.

या ठिपक्यांचा अर्थ २०१४ साली न्यू यॉर्कमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासाने सुरेख उलगडतो. रुग्ण मोजके आणि प्रौढ होते, पण त्यांच्या रोजनिशीवरून असे दिसले, की ताण उतरल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत झटका येण्याची शक्यता सुमारे पाच पटींनी वाढते. अशा मेंदूला चढाइतकाच उतारही जाचतो. आठवडाभर रात्री बारापर्यंत जागरण, पहाटेची शिकवणी, आणि रविवारी दहापर्यंत झोप व न्याहारीला फाटा, हे आपल्याला विश्रांतीसारखे भासते. त्या मेंदूला तो धक्काच असतो. शिवाय झटक्याने शाळा बुडते, बुडालेला अभ्यास साचतो, त्यावर बोलणी बसतात, आणि त्या बोलण्यांतून पुढच्या झटक्याची जमीन तयार होते.

इलाजाविषयी दोन प्रयोगांचे दाखले पुरेत. दीर्घकालीन अर्धशिशीच्या १३५ मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, औषधाच्या जोडीला ताण हाताळण्याचे पद्धतशीर शिक्षण मिळालेल्यांचे दुखण्याचे दिवस अठ्ठावीसांत साडेअकरांनी घटले. ज्यांना औषधाबरोबर केवळ रोगाची माहिती मिळाली त्यांचे जेमतेम सातांनी. पुढे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर प्रतिबंधाची दोन प्रचलित औषधे निव्वळ औषधाभासाहून सरस ठरली नाहीत, आणि तरीही तिन्ही गटांतील निम्म्याहून अधिक मुलांचे दुखणे निम्म्याने उतरले. औषध निरुपयोगी आहे असा निष्कर्ष मी काढत नाही. झटका सुरू होताच वैद्याने ठरवून दिलेली वेदनाशामक गोळी द्यावी, उशीर करू नये. पण महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस साध्या गोळ्या घेण्याची सवय जडली, तर गोळीच डोकेदुखीचे कारण होते. आणि डोके एकाएकी असह्य दुखले, तापाबरोबर मान ताठरली, डोक्याला मार लागल्यानंतर दुखू लागले, रोज पहाटे उलटीसह जाग येऊ लागली किंवा हातापायांतली शक्ती गेली, तर घरगुती उपायांत क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

एरवी लागते ती नियमितता: आठ ते दहा तासांची झोप, आणि ती रविवारीही त्याच वेळी, न चुकता न्याहारी, पुरेसे पाणी, दररोज मैदानावर थोडा घाम. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, की वर्गात पाण्याची बाटली जवळ असू द्यावी, अर्धा तास पडून राहण्यापुरता एक अंधारा कोपरा शाळेत असावा, आणि अशा गैरहजेरीची नोंद अपराध म्हणून होऊ नये.

आणि पालकहो, आपल्याला एवढेच सांगणे: निकाल काहीही लागो, आपले मूल डोके धरून बसले म्हणजे त्याला पहिला प्रश्न अभ्यासाचा विचारू नका. खिडकी लावा, दिवा मालवा, आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवा.