गाईचा कामाचा दिवस



विषय गाईच्या चाऱ्याचा आणि बोलणारे मजूर संघटनेतले, म्हणून कोणी हसले तर आमची तक्रार नाही. पण आपल्या धाराशिव जिल्ह्यात भूमिहीनाच्या दारी एखादी गाय असली की त्याचा आठवडी बाजार मजुरीइतकाच दुधावर होतो. भूमकडच्या खव्याच्या भट्ट्यांवर जाणारे दूध काही सगळेच बागाईतदारांच्या गोठ्यातले नसते.

साडेतीनशे किलो वजनाच्या दुभत्या गाईला दिवसाकाठी सुमारे नऊ किलो कोरडा चारा लागतो. कोरडा म्हणजे पाणी वजा जाता उरेल तो. हिरव्या गवतात तीन हिस्से पाणीच. तेव्हा गवत झाले छत्तीस किलो. ही गाय बालाघाटाच्या माळावर आठ-नऊ तास चरते आणि जवळजवळ तितकाच वेळ रवंथ करते. ती तीस हजार घास घेते असे धरू. गवत दाट असेल तर घासाला तीन दशांश ग्रॅम कोरडा चारा येतो आणि नऊ किलोंचा हिशेब जमतो. गवत खुरटले की घास निम्मा होतो. ती तासभर जास्त चरेल. दिवस दुप्पट कसा करील? ‘दिवसभर चरून दूध नाही’ म्हणणारा धनी आणि ‘दिवसभर राबून काम दिसत नाही’ म्हणणारा मुकादम आम्हांला एकाच शाळेतले वाटतात.

दिवाळीनंतर माळावर वाळकी कुसळी उरते, मग कडबा. त्यात प्रथिने शेकडा चारच्या आसपास, आणि गाईच्या पोटातील जंतूंना चारा पचवायला शेकडा सात तरी हवीत. जंतू उपाशी राहिले की कडबा पोटात रेंगाळतो आणि गाय पुढचा खात नाही. पुढ्यात कडबा असून गाय वाळते ती अशी. जोडीला थोडे हिरवे मिळाले की तीच गाय तोच कडबा जास्त खाते.

हे हिरवे मजुराकडे येते कोठून? खुरपायला गेलेली बाई सायंकाळी डोक्यावर भारा आणते, तिथून. वीस किलोंचा भारा म्हणजे पाच किलो कोरडा चारा, अर्ध्याहून अधिक गाय! हजेरीत तो कधी लिहिला गेला नाही, पण ती मजुरीच होती. आता तणनाशकाने खुरपणी जाते आणि बांधावरचे गवतही. गायरानांवर जे कसतात त्यांत पुष्कळ आमचेच भूमिहीन आहेत. त्यांना उठवून गाई चारा, असे आम्ही म्हणणार नाही.

आमचे मागणे एवढेच : रोज ठरवताना भारा धरा आणि बांध फवारू नका. फवारायचाच असेल तर वीस किलो हिरव्या चाऱ्याचा त्या दिवशीचा बाजारभाव रोजात मिळवा.