अमेरिकेतील चिमण्या आणि वर्गीकरणाचा पाठ



वर्गीकरण शिकविताना जे सारखे दिसते ते एकत्र ठेवावे, असे आपण मुलांना सांगतो. पहिली पायरी म्हणून ते योग्यच आहे. परंतु ती शेवटची पायरी नव्हे, हे अमेरिकेतील चिमण्यांच्या उदाहरणावरून आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

युरोपातून अमेरिकेत जाऊन वसलेल्या लोकांनी तेथील लहान, तपकिरी पक्ष्यांना आपल्या ओळखीच्या चिमणीचेच नाव दिले. वास्तविक आपल्या घरात वावरणारी चिमणी त्यांच्या कुलातील नव्हे. हिवाळ्यात आपल्या ज्वारीच्या शेतांवर उतरणारे भारीट हे त्यांचे अधिक जवळचे आप्त होत. या दोहोंचे कुल दीर्घकाल एकच मानले जाई. २०१७ साली अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञांच्या संस्थेने अमेरिकी चिमण्यांचे कुल स्वतंत्र मानले.

२०१८ साली गवताळ व दलदलीच्या प्रदेशांतील चिमण्यांच्या 'अमोड्रामस' या प्रजातीचीही फेरमांडणी झाली. रूप आणि गवतात दडून राहण्याची सवय सारखी, म्हणून त्या एकत्र होत्या. आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीत मात्र त्या निरनिराळ्या शाखांच्या ठरल्या. तेव्हा त्यांतील चार जाती 'अमोस्पायझा' व दोन 'सेंट्रॉनिक्स' या प्रजातींत घालण्यात आल्या.

हा केवळ नावांचा खेळ नव्हे. या चार जातींपैकी एक सागरतटीय चिमणी. तिची एक काळसर उपजात फ्लोरिडाच्या दलदलीत राहत असे. डासांच्या निर्मूलनासाठी फवारलेले डीडीटी, दलदलीत कोंडलेले पाणी आणि पुढे जमिनीचा केलेला निचरा यांमुळे ती घटत गेली. अखेर केवळ काही नर उरले. त्यांचा मेक्सिकोच्या आखाताकडील माद्यांशी संकर करण्यात आला. शेवटचा नर जून १९८७ मध्ये मरण पावला. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले, की त्याचे निकटचे नाते आखाताकडील नव्हे, तर अटलांटिक किनाऱ्यावरील चिमण्यांशी होते. खरे आप्त कोण, हे कळले तेव्हा पक्षीच उरला नव्हता.

म्हणून मुलांनी पाने, बिया किंवा पिसे जमवून त्यांचे गट पाडले, की एक प्रश्न अवश्य विचारावा : ही नुसती सारखी दिसतात, की मुळात एकमेकांच्या नात्यातली आहेत? उत्तर त्याच दिवशी मिळावयास हवे असे नाही. आपला गट पुन्हा तपासून पाहण्याची सवय मुलांना लागली, म्हणजे पाठ सफल झाला असे समजावे.