लेकीचे नाव तीन कॉलेजांत लागले, निवडायचे कोणते?

बारावीचा निकाल लागला की पेण-रोह्याच्या गटांच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब मागे राहतो आणि मुलींच्या कॉलेजचा विषय निघतो.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीचे नाव तीन ठिकाणी लागले. पेणला बीकॉम, पनवेलला बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज आणि मुंबईच्या एका खासगी संस्थेत बीबीए. ताई गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात. वडील म्हणाले, पेणच बरे, संध्याकाळी घरी येईल. मामा म्हणाले, मुंबईशिवाय नाव होत नाही. मुलीला मात्र कोणी विचारले नाही. मग आम्ही बायका तिला घेऊन बसलो आणि वहीत चार रकाने आखले.

पहिला रकाना अभ्यासक्रमाचा. 2024-25 पासून बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि त्यांना सीईटी लागू झाली. त्यामुळे मुंबई विद्यापीठाच्या अनेक कॉलेजांनी बीएमएसचे बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज केले. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका, तीन वर्षांत कोणते विषय शिकवतात ते विचारा. पेण, रोहा, पनवेलची आपली कॉलेजे मुंबई विद्यापीठाचीच आहेत. जवळचे कॉलेज म्हणजे हलके, असे नाही. रोह्याच्या कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते चिंतामणराव देशमुख आपल्याच जिल्ह्यात, महाडजवळच्या नाते गावी जन्मले आणि 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

दुसरा रकाना पैशाचा. फी, वसतिगृह, खानावळ, पुस्तके असे तिन्ही वर्षांचे मिळून लिहा. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारी कॅप फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. ताईंच्या मुलीची मुंबईची जागा कोट्यातली निघाली. म्हणजे माफी नाही, वर राहण्याचा खर्च, आणि त्यासाठी कर्ज.

तिसरा रकाना प्रवासाचा. पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना घर ते कॉलेज रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो. कॉलेजचा दाखला लागतो. एसटीचा विद्यार्थी पासही सवलतीत मिळतो. पण दिवा-रोहा मार्गावर गाड्या मोजक्याच. तेव्हा तास किती वाजता सुटतात, गाडी चुकली तर पुढची कधी, स्टेशनवरून घरी अंधारात कोणासोबत यायचे, हे आधी ठरवा.

चौथा रकाना मुलीचा. तो तिनेच भरायचा. ती म्हणाली, "आई मूर्ती रंगवते, पण मूर्ती मुंबईत कितीला विकली जाते ते आपल्याला कळत नाही. मला विक्री शिकायची आहे." हे ऐकून वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पनवेलची गाडी किती वाजता असते?" गावातली आणखी एक मुलगी त्याच कॉलेजात जात होती, तेव्हा सोबतीचाही प्रश्न मिटला.

दुसऱ्या घरी उत्तर वेगळे येईल. आजारी माणूस घरी असेल, तर पेण किंवा रोहाच योग्य ठरेल. कॅपमधून चांगली जागा मिळाली असेल, तर मुंबईही परवडेल.

एक मात्र सांभाळा. घाईने पैसे भरू नका. प्रवेश रद्द केल्यास किती परत मिळतात ते लेखी घ्या, पावती जपून ठेवा. मूळ गुणपत्रिका कॉलेजात ठेवून घेणे यूजीसीच्या नियमात बसत नाही. तपासून परत मागा.

मैत्रिणींनो, स्थळ बघताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. लेकीच्या कॉलेजसाठी निदान चार रकाने तरी भरू या, आणि चौथा तिच्या हातात देऊ या.