पूल बंद असतानाची शाळा
(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)





मी याच संस्थेचा माजी विद्यार्थी आहे. बी.ए., बी.एड. झाल्यावर काही वर्षे जिल्ह्यातच नोकरी केली आणि ऑगस्ट 2021 मध्ये सुदानची राजधानी खार्तूम येथील एका आंतरराष्ट्रीय शाळेत भूगोल शिकविण्यास गेलो. परदेशी नोकरी आपल्या घरांना नवी नाही. परंतु परत आलेला माणूस पगाराविषयी सांगतो, कामाविषयी फारसे सांगत नाही. मी आज कामाविषयी चार शब्द सांगणार आहे.

खार्तूम हे निळी नाईल आणि पांढरी नाईल यांच्या संगमावर वसलेले शहर आहे. समोरच्या तीरांवर ओमदुर्मान आणि बहरी. ही तिन्ही शहरे पुलांनी जोडलेली आहेत. तीस वर्षे सत्तेवर असलेले ओमर अल-बशीर एप्रिल 2019 मध्ये पदच्युत झाले होते आणि लोक मुलकी राज्याची वाट पाहत होते. मी जाऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच 25 ऑक्टोबर 2021 रोजी सैन्याने सत्ता घेतली. इंटरनेट बंद झाले. पुढे मोर्चाचा दिवस आला की सरकार पूल बंद करी. पुलावर मोठमोठे कंटेनर आडवे टाकीत. त्या दिवशी ओमदुर्मानची मुले शाळेत येऊ शकत नसत.

माझ्या वर्गात बावीस मुले होती. बहुतेक सुदानी, काही सीरिया व इजिप्तची, आणि दोन गुजराती कुटुंबांतील. गुजराती व्यापारी त्या देशात सुमारे दीडशे वर्षांपासून आहेत. एका मुलाचे वडील सैन्यात होते, दुसऱ्याचा भाऊ मोर्चात जात असे. दोघे एकाच बाकावर बसत. वर्गात राजकारण काढायचे नाही, पण मुलाने भीती बोलून दाखविली तर त्याला गप्प बसवायचे नाही, हा नियम मी तेथे शिकलो. बी.एड.च्या पुस्तकात तो नव्हता.

दुसरा धडा नियोजनाचा. आपण इथे "राहिलेला भाग उद्या घेऊ" असे सहज म्हणतो. तेथे उद्याचा भरवसा नव्हता. म्हणून प्रत्येक तासाचा पाठ त्याच तासात पुरा करायचा, न आलेल्या मुलांसाठी एका पानाचे टिपण काढून ठेवायचे, आणि चाचणीचे गुण शाळेच्या नोंदवहीत लिहिल्यावर आपल्या खिशातील डायरीतही उतरवायचे, अशी सवय मी लावून घेतली. सहकारी माझ्या डायरीला हसत.

2021 मध्ये ज्या दोघांनी मिळून सत्ता घेतली, ते सेनाप्रमुख बुरहान आणि निमलष्करी दलाचे प्रमुख दगालो पुढे एकमेकांवर उलटले. 15 एप्रिल 2023, शनिवार. रमजानचा महिना आणि शाळेची साप्ताहिक सुट्टी. सकाळी गोळीबार सुरू झाला. विमानतळ त्याच दिवशी बंद पडला. वीज गेली, नळ कोरडे झाले. साठविलेल्या पाण्यावर आणि खजुरांवर आम्ही सहरी व इफ्तार केली. ईदही खोलीतच झाली. 24 एप्रिलला भारत सरकारची 'ऑपरेशन कावेरी' ही मोहीम सुरू झाली. बसने शेकडो किलोमीटर प्रवास करून आम्ही पोर्ट सुदानला पोहोचलो. तेथून नौदलाच्या जहाजाने जेद्दा आणि पुढे विमानाने मुंबई.

बरोबर एकच पिशवी घ्यायची होती. मी पासपोर्ट, प्रमाणपत्रे आणि डायरी घेतली. गुरुवारी तपासायला आणलेल्या बावीस वह्या टेबलावर तशाच राहिल्या. मजजवळ परतीचा देश होता, म्हणून मी निघालो. माझ्या विद्यार्थ्यांचा देश तोच होता. हे मला आजही टोचते.

जुलै महिन्यात एका विद्यार्थिनीचा कैरोहून निरोप आला. तेथील शाळा प्रवेशासाठी मागील वर्षाचे गुण मागत होती आणि आमच्या शाळेचे दप्तर खार्तूममध्येच अडकले होते. मी डायरी काढली. तिचे गुण होते. मुख्याध्यापकांशी संपर्क साधला. त्यांनी त्यावरून पत्र दिले आणि तिला प्रवेश मिळाला. त्यानंतर आणखी सहा मुलांची अशी पत्रे झाली. उरलेल्या पंधरांपैकी कित्येकांचा ठावठिकाणा मला आजतागायत लागलेला नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये युनिसेफने सांगितले की सुदानमधील 1 कोटी 90 लाख मुले शाळेबाहेर आहेत. त्या आकड्यात माझे किती, ते मी जाणत नाही.

पालकांनो, मुलाला अशा देशात पाठवायचे तर पगाराबरोबर आणखी काही विचारा. पासपोर्ट कोणाच्या हाती राहणार? माझ्या एका सहकाऱ्याचा शाळेच्या कचेरीत अडकला आणि त्याला तात्पुरत्या प्रवासपत्रावर यावे लागले. भारतीय दूतावासात पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवा. शक्य असेल तेथे मूळ प्रमाणपत्रे घरी ठेवून साक्षांकित प्रती न्या. पगार दरमहा घरी पाठवा. माझा शेवटच्या दोन महिन्यांचा पगार अद्याप मिळालेला नाही.

शिक्षक बंधूंनो, मुलांच्या गुणांची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. पूर आला, आग लागली, तरी ती उपयोगी पडेल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, ओमदुर्मानचा एक मुलगा पूल उघडल्यावर दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला येई आणि विचारी, "सर, कालचा कागद?" आपल्या गावच्या खाडीवरचा पूल बाराही महिने उघडा असतो. उद्या शाळेत याल, तेव्हा त्या मुलाची आठवण ठेवा.