तुकडेबंदी की तुकडेजोड?



दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमाराला खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात विज्ञान प्रदर्शन भरतं आणि जुन्नर-आंबेगावची पोरं ४५ मीटर व्यासाच्या त्या अँटेना बघायला लोटतात. विंडोज एक्सपीच्या दिवसांत आमच्या शाळेतला एक जण तिथून प्रश्न घेऊनच परतला. तिथले कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात, असं त्याने ऐकलं होतं. "सर, मग त्यांचं डीफ्रॅग कोण करतं?" घरच्या कॉम्प्युटरवर डीफ्रॅगच्या रंगीत पट्ट्या तासन्‌तास सरकताना त्याने पाहिल्या होत्या.

मी फळ्यावर सातबारा काढला. १९४७च्या कायद्याला आपण तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा म्हणतो. तुकडेजोड म्हणजे विखुरलेल्या वावरांचं एकत्रीकरण. त्यातच सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि बांधाची नवी भांडणंही. तुकडेबंदी म्हणजे मुळात तुकडाच पडू द्यायचा नाही. डीफ्रॅग ही डिस्कवर विखुरलेल्या फाइलच्या तुकड्यांची तुकडेजोड. लिनक्सचा भर तुकडेबंदीवर.

फाइल साठवायची जुनी फॅट पद्धत सापडेल त्या मोकळ्या जागेत फाइल कोंबायची, उरलेली पुढच्या भोकात. मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ११ मिलिसेकंदांची. दर तुकड्यामागे सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं. हजार तुकडे झाले की नुसत्या थांबण्यात साडेपाच सेकंद जातात. डिस्क वाचणारं हेड इकडून तिकडे धावतं त्याचा हिशेब वेगळाच.

लिनक्समध्ये २००८ पासून स्थिरावलेली एक्स्ट४ पद्धत असं करत नाही. ती डिस्कचे सहसा १२८ एमबीचे गट पाडते. हो, गटच! फाइल शक्यतो आपल्या फोल्डरच्या गटातच राहते. शिवाय लिहायची घाई नाही. मजकूर थोडा वेळ मेमरीत धरायचा, फाइल केवढी होतेय ते बघायचं, मग सलग जागा शोधायची.

पण डिस्क भरत आली की ही हुशारी चालत नाही. कांद्याची बराखी आढ्यापर्यंत भरली, की आत शिरून सडका कांदा निवडायलाही जागा राहत नाही, तसंच हे. मग तुकडे पडतात. त्यासाठी ई-फोर-डीफ्रॅग हे हत्यार आहे. त्याला 'सी' हा पर्याय दिला तर ते काही न हलवता फक्त मोजून सांगतं. माझ्या हाताखालच्या यंत्रांवर बहुतेक वेळा उत्तर आलं, गरज नाही. बीटीआरएफएस या लिनक्समधल्याच दुसऱ्या पद्धतीची गोष्ट निराळी. ती बदललेला मजकूर जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिते, त्यामुळे सतत बदलणाऱ्या डेटाबेसच्या फायलींचे तुकडे होतात. तिथे कधीमधी तुकडेजोड करावी. एसएसडीत मात्र धावणारं हेडच नसतं. तिथे डीफ्रॅग म्हणजे फुकटची झीज.

तेव्हा लिनक्स मंदावलं तर आधी डिस्क किती भरलीय ते बघा. नव्वद टक्क्यांच्या वर गेली असेल, तर पुतण्याच्या लग्नाचे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवा.