मणक्यांचें चित्र आणि सायकलची बैठक



अकोल्याच्या जठारपेठेंत, किंवा अशाच कोणत्याहि सुशिक्षित वस्तींत, कंबरदुखीची गोष्ट निघाली कीं तीन शब्द हमखास कानांवर पडतात: 'गॅप', 'गादी' आणि 'नस'. कोणाच्या मणक्यांत गॅप पडलेली असते, कोणाची गादी सरकलेली असते, तर कोणाची नस दबलेली असते. यांतील पहिला शब्द वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. वयपरत्वें दोन मणक्यांमधील अंतर वाढत नाहीं, तें कमी होतें. परंतु आपल्या पाठीच्या कण्याला मध्येंच कोठें तरी खिंड पडली आहे असें ज्याला एकदां वाटूं लागलें, तो मनुष्य सायकलवर काय, साध्या खुर्चीवरहि निर्धास्तपणें बसूं शकत नाहीं.

आजचें माझें बोलणें विशेषेंकरून हौशी सायकलस्वारांसाठीं आहे. शर्यतीशीं ज्यांचा संबंध नाहीं, परंतु नोकरी-धंदा सांभाळून जे आठवड्यांतून तीन-चार वेळां पहाटे बाळापूर किंवा पातूरच्या रस्त्याला लागतात, त्यांच्यापैकींच मी एक आहें. मी वैद्य नव्हे. रोग्याच्या बाजूनें जें वाचलें, विचारलें आणि सोसलें, तेवढेंच सांगणार आहें.

राँटगेननें १८९५ सालीं क्ष-किरण शोधून काढले आणि जिवंत माणसाचीं हाडें पाहतां येऊं लागलीं. तथापि दोन हाडांमधील मऊ चकती, जिला आपण गादी म्हणतों, ती त्या किरणांनीं उमटत नाहीं. ती स्पष्ट दिसूं लागली चुंबकीय अनुनादाच्या, म्हणजे एम. आर. आय. च्या, यंत्रामुळें. या पद्धतीचें पहिलें चित्र पॉल लॉटरबर यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलें. २००३ सालीं त्यांना पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. या चित्रांत पाण्याचा अंश महत्त्वाचा असतो. तरुण चकतींत पाणी भरपूर, म्हणून ती उजळ दिसते. वयाबरोबर पाणी आटलें कीं ती काळवंडते. येथपर्यंत सर्व ठीक आहे. घोटाळा होतो तो पुढें. काळवंडलेली चकती दिसली म्हणजे दुखण्याचें कारण सांपडलें, असें आपण गृहीत धरतों.

ज्यांची पाठ मुळींच दुखत नव्हती अशा ९८ लोकांचीं चित्रें अमेरिकेंत काढण्यांत आलीं होतीं. त्या पाहणीचा वृत्तांत १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील ५२ टक्के लोकांच्या एका तरी चकतीला फुगवटा होता. सर्व चकत्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के निघाले. पुढें २०१५ सालीं अशा ३३ निबंधांतील ३,११० लोकांचा हिशेब एकत्र मांडला गेला. विशींतल्या ३७ टक्के आणि पन्नाशींतल्या ८० टक्के माणसांच्या चकत्या झिजलेल्या होत्या, आणि पाठदुखीची तक्रार त्यांच्यापैकीं कोणाचीच नव्हती. केंस पांढरे झाले म्हणून डोकें दुखतें, असें आपण कोणी म्हणत नाहीं.

माझ्या स्वतःच्या अहवालांत चौथ्या आणि पांचव्या कटिमणक्यांमधील चकतीचा फुगवटा नोंदलेला आहे. माझें वय त्रेपन्न. डॉक्टरांनीं आरंभीं सहा आठवडे थांबावयास सांगितलें होतें. नवव्या आठवड्यांतहि डाव्या पोटरींतील मुंग्या जाईनात, तेव्हां चित्र काढलें. अहवालांतील चार ओळी वाचून घरांतील मंडळींनीं सायकल विकण्याचा ठराव जवळजवळ मंजूरच केला. डॉक्टरांनीं मात्र अहवाल बाजूला ठेवून मला टांचांवर चालविलें, चवड्यांवर चालविलें, निजवून पाय उचलून पाहिला, आणि मग विचारलें, "किती अंतर गेल्यावर दुखूं लागतें?" मीं म्हटलें, साधारण बारा किलोमीटर. "मग पुढच्या खेपेस सायकलच घेऊन या," असें ते म्हणाले.

चित्र निरर्थक असतें, असा याचा अर्थ कोणीं करूं नये. पायांत उतरणारी कळ आणि चित्रांतील दबलेली नस यांचा मेळ बसला, तर तें चित्र फार मोलाचें. आणि कांहीं लक्षणें अशीं आहेत कीं तेथें सहा आठवडे काय, सहा तासहि दवडूं नयेत. लघवी अडणें किंवा आवरतां न येणें, दोन्ही पायांतील जोर जाणें, आणि बैठकीला टेकणारा भाग बधिर होणें, हीं तीं होत. या शेवटच्या लक्षणाबाबत सायकलस्वाराची फसगत होण्याचा संभव अधिक. बैठकीच्या दाबानें येणारा बधिरपणा आपल्याला परिचयाचा असतो, म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतों. दाबाचा बधिरपणा खालीं उतरल्यावर बहुधा लवकरच ओसरतो. जो ओसरत नाहीं, त्यासाठीं त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. पाठदुखीबरोबर रेंगाळणारा ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर मणक्याच्या क्षयाची शंका घेतलीच पाहिजे. पूर्वीं कर्करोग झालेल्यानें किंवा सायकलवरून जोरानें पडलेल्यानेंहि तपासणी लांबणीवर टाकूं नये.

आतां सायकलविषयीं. इस्रायलमधील डॉक्टरांनीं पाठदुखी असलेल्या हौशी सायकलस्वारांच्या बैठकीचें पुढचें टोक दहा ते पंधरा अंश खालीं झुकवून पाहिलें. १९९९ सालच्या त्यांच्या वृत्तांताप्रमाणें सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांना त्यानें गुण आला. टोक वर उचललेलें असलें कीं कटीर मागें ढकललें जातें आणि कंबरेचा कणा कमानीसारखा वांकून ताणला जातो. टोक फार झुकविलें तर सर्व भार मनगटांवर येतो. म्हणून मीं तें थोडथोडें झुकविलें. बैठक प्रमाणाबाहेर उंच असेल तर पायडल खालीं जातांना कंबर दोन्ही बाजूंना हेलकावे खाते. पाय तळाशीं असतां गुडघा किंचित् वांकलेला राहावा. माझी बैठक बोटभर उतरवावी लागली, आणि हँडल जवळ घ्यावें लागलें. या सर्व खटाटोपाला एक पाना आणि अर्धा तास पुरला.

आमच्या वऱ्हाडाच्या दोन अडचणी निराळ्या आहेत. उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीसच्या पुढें जातो, म्हणून पहाटेशिवाय गति नाहीं. पण रात्रभर आडवें पडल्यानें चकत्यांत पाणी परत भरलेलें असतें. त्या फुगलेल्या असतांना एकदम वांकणें पाठीला जड जातें. मी उठल्यावर अर्धा-पाऊण तास घरांत हिंडतों, चहा करतों, मगच सायकल बाहेर काढतों. दुसरी अडचण काळ्या मातीची. ती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि वरची सडक तिच्याबरोबर उंचसखल होते. अशा ठिकाणीं बसून राहणें म्हणजे प्रत्येक हादरा कण्यावर घेणें. पायडलांवर किंचित् उभें राहिलें म्हणजे तो गुडघे झेलतात. टायरमध्यें हवाहि मी पूर्वींपेक्षां थोडी कमी भरतों.

पडून राहण्याचा सल्ला अजूनहि घरोघर मिळतो. तीव्र कंबरदुखींत सात दिवस निजून राहिलेल्यांना दोन दिवस निजलेल्यांपेक्षां अधिक लाभ होत नाहीं, हें १९८६ सालींच दाखवून दिलें गेलें आहे. ज्या वऱ्हाडांत अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून लोकांना व्यायाम शिकवीत आलें आहे, तेथें तरी हें पटावयास जड जाऊं नये. परंतु पाठ दुखूं लागली कीं तालमींत वाढलेला मनुष्यहि अंथरूण धरतो.

मुंग्या पूर्ण गेल्या नाहींत. पाऊस पडावयाचा असला म्हणजे त्या अधिक येतात असें आमच्या घरीं मानतात; मी हुज्जत घालीत नाहीं. बाळापूरपर्यंत जाऊन, मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील जयसिंगाची छत्री पाहून परत येणें मला आतां जमतें, मात्र वाटेंत दोनदां उतरून पाठ सरळ करावी लागते. पातूरचा चढ अद्याप राहिला आहे. तो दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर.