आंगणाचें लांकडी कुंपण

धाराशिव जिल्ह्यांत नवें घर बांधणारा गृहस्थ भिंती, छत आणि पाण्याची टांकी यांचा खल महिनेच्या महिने करीत असतो. कुंपणाची आठवण मात्र त्याला घरभरणी झाल्यावर, पहिली शेळी आंगणांत शिरते तेव्हां होते. आणि ही शेळी साधी नव्हे. उस्मानाबादी या नांवानें देशभर ओळखली जाणारी ही उंच, बहुधा काळीभोर जात याच जिल्ह्याची. मागच्या दोन पायांवर उभी राहून ती उंचावरचा पाला सहज ओरबाडते, आणि जुळीं करडें देण्याबद्दल तिची ख्याति असल्यामुळें तिचें बिऱ्हाडही लहान नसतें. २०२३ सालीं जिल्ह्याचें नांव धाराशिव झालें. शेळीनें आपलें जुनें नांव अजून सोडलेलें नाहीं. वृंदावनाभोंवतीं लावलेलीं चार फुलझाडें, परसांतला भाजीचा वाफा आणि नुकतें चालूं लागलेलें मूल यांची काळजी ज्या घरांत आहे, त्या घरांत कुंपण हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाहीं.

जुन्या वाड्यांना हा प्रश्न पडत नसे. चौक आंत असे, भोंवतालीं दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती असत, आणि वर माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र संपतां संपतां, याच भिंतींनीं उमरगा-लोहारा भागांत आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत घात केला. हजारों माणसें निजल्या जागीं गाडलीं गेलीं. ढासळलेल्या दगडांत अनेक ठिकाणीं खांब व तुळया यांचा लांकडी सांगाडा मात्र उभा राहिलेला दिसला. सांधलेलें लांकूड हादऱ्यानें लवतें. मातींत नुसते रचलेले दगड निखळतात. पुढें दोन्ही जिल्ह्यांत मिळून ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. रुंद रस्ते, सुटीं घरें, चारी बाजूंस मोकळी जागा. जीव वाचविणारी ही रचना होती खरी. परंतु वाड्याच्या भिंतीआड ज्यांचा सारा दिवस जात असे, त्या बायकांना आपलें धुणें, वाळवण आणि चूल एकाएकीं रस्त्यावर आल्यासारखी वाटली. लोकांनीं मग हळूहळू आपापल्या जागेभोंवतीं कांहींना कांहीं आडोसा उभा केला. ज्या घरानें ती पहाट पाहिली, तेथील म्हातारीला आंगणाभोंवतीं पुन्हां दगड रचावयाचे काय असें विचारूं गेल्यास ती काय उत्तर देईल, हें सांगावयास नको.

सिमेंटांत जोडलेली आणि लोखंडी सळ्यांनीं बांधलेली भिंत बळकट असते, यांत शंका नाहीं. पण तिला खर्च फार, आणि लहान आंगणाचा वाराही ती अडविते. कांटेरी तार स्वस्त पडते. परंतु जेथें मुलें खेळतात तेथें ती नसलेली बरी. लांकडी पट्ट्यांचें कुंपण वारा येऊं देतें, नजर थोडी अडवितें, आणि एखादी पट्टी मोडली तर घरच्या घरीं बदलतां येतें. मात्र येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. येडशीचा रामलिंग अभयारण्याचा भाग आणि बालाघाटाचे कांहीं उतार सोडले तर हा जिल्हा वनसंपत्तीच्या बाबतींत राज्यांत अगदीं खालच्या रांगेंत बसतो. चारी बाजूंस लांकूड लावण्याची हौस येथें शोभत नाहीं. घराची दर्शनी बाजू आणि भाजीचा वाफा एवढ्यापुरतें लांकूड योजावें, आणि बाकीच्या सीमेवर मेंदी किंवा घायपात लावून कुंपण जिवंत ठेवावें, हें शहाणपणाचें.

लांकूड आणण्यापूर्वीं सीमा नक्की करावी. जुन्या जागेच्या खुणा बहुधा तोंडीं असतात. कोठें एक दगड, कोठें लिंबाचें झाड. शहरांत मिळकतपत्रिका व गांवांत भूमि अभिलेख खात्याची मोजणी यांचा आधार घेतल्यावांचून पहिला खड्डा खणूं नये. शेजाऱ्याला आधीं सांगावें, मोजणीच्या वेळीं त्याला उभें करावें, आणि खांब आपल्या हद्दींत चारसहा इंच आंत रोवावे. चार इंच जमिनीसाठीं दोन भावकींत कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्याचीं उदाहरणें कोणत्या गांवांत नाहींत? स्वतःच्या जागेंतील झाड तोडून कुंपण करण्याचा विचार असेल तर वृक्षतोडीसंबंधींचा १९६४ चा आणि शहरी भागांतील वृक्षरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे, हेंही ध्यानांत ठेवावें. बांबूची अडचण कमी. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेर वाढविलेला बांबू भारतीय वन कायद्याच्या दृष्टीनें वृक्ष राहिलेला नाहीं.

आतां लांकूड कोणतें? सर्वांत टिकाऊ सागवान. पण तें सागवान आहे एवढ्यावर समाधान मानूं नये. झाडाचा आंतला गडद गाभा वाळवीला दाद देत नाहीं, बाहेरचें पांढुरकें लांकूड मात्र ती पाहतां पाहतां फस्त करते. कोंवळ्या सागाच्या बारीक वाशांत हा पांढरा भागच अधिक असल्यामुळें नांव सागाचें आणि आयुष्य दोन पावसाळ्यांचें, असा अनुभव येतो. या भागाचें खरें लांकूड बाभूळ. बैलगाडीचें चाक आणि कुळव ज्या लांकडानें पिढ्यान् पिढ्या चालविले, तें खांबाला कमी पडेल असें नाहीं. तिचाही बाहेरचा भाग भुंगा पोखरतो. म्हणून जुने सुतार बाभळीचे ओंडके कांहीं महिने पाण्यांत मुरवीत, मग सावलींत वाळवीत, आणि खांब घडवितांना वाकसानें पांढरा भाग तासून टाकीत. हल्लीं एवढा धीर कोणाला नसतो, आणि मग दोष बाभळीला दिला जातो. कडुनिंबाच्या लांकडाला कीड कमी लागते. तें पट्ट्यांना चांगलें, पण सरळ लांब फळी त्यांत सांपडणें कठीण. निलगिरीचे वासे सरळ व स्वस्त मिळतात. ते वाळतांना पिळतात व चिरतात, आणि मातींत फार दिवस टिकत नाहींत. आडव्या दांड्यांपुरते ते चालतील. बांबू घ्यावयाचा तर तीन-चार वर्षांचा पक्का, पावसाळा सरल्यावर तोडलेला आणि पाण्यांत मुरविलेला घ्यावा. कोंवळ्या बांबूंत साखर व पिष्ट अधिक, आणि भुंगा त्यासाठींच येतो.

याहून चांगली एक वाट पुष्कळांना सुचत नाहीं. जुने वाडे मोडले जातात तेव्हां त्यांतील तुळया, खांब आणि किलचणें विक्रीस निघतात. हें लांकूड अनेक दशकें वाळलेलें असतें. त्याला जें पिळावयाचें तें पिळून झालेलें असतें. हातोडीनें ठोकून पाहावें. खणखणीत आवाज आला तर घ्यावें, बद्द आला तर आंतून पोकळ समजावें. खिळे मात्र एकूण एक काढून घ्यावे, नाहींतर सुताराची करवत आणि त्याचा स्वभाव दोन्ही बिघडतात.

लांकूड किती टिकतें, हें त्याच्या जातीइतकेंच तें कोठें उभें आहे यावर अवलंबून असतें. तेर येथील उत्तरेश्वराच्या विटांच्या मंदिराची कोरीव लाकडी चौकट शतकामागून शतकें लोटलीं तरी शिल्लक राहिली. आणि त्याच गांवच्या शेतांत रोवलेली मेख चार वर्षांत कुजते. चौकटीला छप्पर होतें. मेख ओल्या मातींत होती. खांब कुजतो तो शेंड्याला नव्हे, मुळाशींही फारसा नव्हे, तर जमिनीच्या पातळीवर, जेथें ओल आणि हवा दोन्ही मिळतात. कुंपण उभारण्याची सारी विद्या या वीतभर जागेभोंवतीं फिरते.

येथील काळी माती हा दुसरा शत्रु. पाऊस पडला कीं ती फुगते, उन्हाळ्यांत आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या फुगण्या-आकसण्यांत उथळ रोवलेला खांब दरवर्षीं थोडा उचलला जातो आणि तिसऱ्या वर्षीं शेजाऱ्याच्या बाजूस मान टाकतो. यास्तव चार फूट उंचीच्या कुंपणाला खांब साडेसहा फूट घ्यावा आणि अडीच फूट जमिनींत घालावा. फाटकाचे दोन खांब अधिक जाड घेऊन तीन फूट खोल न्यावे. खड्डा पहारीनें सरळ खाली खणावा, तळाशीं वीतभर खडी घालावी, म्हणजे पाणी साचत नाहीं. आणि खांबाभोंवतीं खणलेली काळी माती परत न लोटतां मुरूम थराथरानें ओला करून ठोकून भरावा. वरच्या तोंडाशीं सिमेंटचा गळा करावयाचा असेल तर त्याला खांबापासून बाहेर उतार द्यावा. सबंध खांब सिमेंटांत गाडण्याची रीत दिसते बळकट, पण लांकूड आकसलें कीं मध्यें फट पडते आणि तींत पावसाचें पाणी विहिरीसारखें भरून राहतें. ज्यांना चार पैसे अधिक खर्चतां येतील त्यांनीं सिमेंटांत जाड लोखंडी पट्ट्यांची जोडी रोवावी आणि तिच्या बेचक्यांत खांब जमिनीपासून तीन बोटें वर ठेवून बोल्टानें आंवळावा. लांकूड मातीला शिवतच नाहीं. वाळवी चढूं लागली तर तिची मातीची नळी दुरून दिसते.

हिशेब सोपा आहे. दर्शनी बाजू ४० फूट, मध्यें ४ फुटांचें फाटक, म्हणजे दोन्हीकडे १८-१८ फूट उरले. दर ६ फुटांवर खांब धरला तर एकूण ८ खांब. वर-खालीं दोन आडव्या दांड्या, मिळून ७२ फूट. उभी पट्टी ३ इंच रुंद आणि दोन पट्ट्यांत अडीच इंचांची फट ठेवली तर सुमारें ८० पट्ट्या लागतात. फट याहून मोठी ठेवूं नये. करडूं डोकें घालतें, डोकें आंत जातें, आणि कान व शिंगें यांमुळें बाहेर येत नाहीं. मग साऱ्या आळीला त्याची हांक ऐकावी लागते. दांड्या आंगणाच्या आंतल्या बाजूनें बसवाव्या, म्हणजे बाहेरून चढण्यास त्या पायरी होत नाहींत. पट्टी जमिनीपासून दोन इंच वर थांबवावी. पट्टीचें व खांबाचें वरचें टोंक तिरपें कापावें, पाणी ओघळून जातें. बाभळीसारख्या कठीण लांकडांत खिळा सरळ ठोकल्यास तें फुटतें. आधीं गिरमिटानें भोंक पाडावें आणि जस्ताचा मुलामा दिलेले खिळे किंवा स्क्रू वापरावे. दोन टोंकांचे खांब ओळंब्यानें आधीं उभे करून मध्यें दोरी ताणावी. मधले खांब दोरीला लावून रोवावे.

फाटक बहुतेक ठिकाणीं सहा महिन्यांत लोंबतें, आणि दोष बिजागरीला दिला जातो. खरा दोष तिरप्या दांडीचा असतो. ती खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यापासून निघून वर कडीच्या कोपऱ्याला भिडली पाहिजे. मग फाटकाचें वजन ती खांबाकडे ढकलते. उलट बसविली तर ती नुसती शोभा. कडी लहान मुलाचा हात पोंचणार नाहीं अशा उंचीवर असावी. घरांत उघडा आड असेल तर आडाभोंवतींही दुसरें छोटें कुंपण व कडीचें दार करावें, आणि रस्त्यावरच्या कुंपणाआधीं करावें.

राहतां राहिली निगा. जमिनींत जाणाऱ्या भागाला डांबराचे दोन हात देतात. लांकूड पुरतें वाळलें असेल तरच त्याचा उपयोग, नाहींतर ओल आंत कोंडली जाते. बुंधा विस्तवावर काळा करण्याची जुनी रीत आहे. तिच्यावर एकटीवर विसंबूं नये. मोटारीचें जळकें तेल फासण्याची संवय मात्र सोडून द्यावी. तें मातींत, आणि मातींतून आडाच्या पाण्यांत उतरतें. वरच्या भागाला जवसाचें तेल पुरतें. या जिल्ह्याला जवस परका नाहीं. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत फडक्यानें एक हात द्यावा, मुरूं द्यावा, आठवड्यानें दुसरा द्यावा. तेलाचीं फडकीं गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तीं आपोआप तापून पेटूं शकतात. पसरून वाळवावीं आणि मग फेकावीं. कारखान्यांत औषध मुरविलेलें लांकूड आणलें असेल तर त्याचे तुकडे चुलींत घालूं नयेत, कारण त्या औषधांत तांब्याबरोबर आर्सेनिकही असूं शकतें.

काम कार्तिक-मार्गशीर्षांत काढावें. जमीन तेव्हां खणण्याइतकी मऊ असते आणि पाऊस गेलेला असतो. मेंदीचीं रोपें मात्र आषाढांत लावावीं लागतील, आणि तीं कंबरेइतकीं होईपर्यंत दोन पावसाळे जातील. तोंवर त्या बाजूला बाभळीच्या कांट्या टाकून ठेवाव्या. पहिल्या पावसाळ्यानंतर एकेक खांब हातानें हलवून पाहावा, आणि जो डुलेल त्याच्या बुडाशीं आणखी दोन पाट्या मुरूम ठोकावा.